मांजरेच्या पाण्यातला आवाज : प्रस्तावना

बिलोलीहून कोणत्याही दिशेने निघालात तरी समुद्र चारशे किलोमीटरच्या अलीकडे नाही. अशा गावातून पाण्याखालच्या आवाजावर पुस्तिका निघते आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटले. गाळ उपसणारी जहाजे, देवमासे, डॉल्फिन हे विषय मुंबई-रत्नागिरीकडचे. आपल्याकडे आहे ती मांजरा, पुढे गोदावरी, आणि दोन्हींच्या पात्रातली रेती. पण जगभरच्या समुद्रांत ज्या यंत्राच्या आवाजाचा गेली काही दशके अभ्यास चालू आहे, तेच यंत्र लहान आकारात आपल्या नदीत उभे आहे. आणि त्या आवाजाच्या टप्प्यात येणारे आपल्याकडचे मासे समुद्रातल्या बहुतेक माशांपेक्षा तिखट कानाचे आहेत. ही दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या कानावर गेलेली नाही, म्हणून ही पुस्तिका.

मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. लातूर, बीदर, मग तेलंगणातले सिंगूर आणि निजामसागर असा वळसा घेऊन ती आपल्याकडे येते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून गोदावरीला मिळते. बिलोली तालुक्याच्या कडेने वाहताना तिचे पात्रच दोन राज्यांची हद्द होते. येसगीच्या पुलावर उभे राहिले की अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. येसगी, गंजगाव, सगरोळी या गावांची नावे जिल्ह्याबाहेर माहीत झाली ती तिथल्या लाल रेतीमुळे. रेतीघाटांचे लिलाव, ब्रासचा दर, हायवांच्या रांगा, तहसीलचे पथक, पंचनामे, दंड हा सगळा कारभार इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ आहे.

पात्र कोरडे असते तिथे रेती जेसीबीने किंवा पोकलेनने काढतात. पाणी असते तिथे तराफा लागतो. रिकामी पिंपे एकमेकांना बांधायची, वर फळ्या, फळ्यांवर डिझेल इंजिन, इंजिनाला पंप. पंपाचा एक पाइप तळाशी सोडलेला, दुसरा काठापर्यंत ओढलेला. खालचे तोंड रेतीत रुतले की रेती-पाण्याचा काला वर चढतो. काठावर पाणी ओघळून परत नदीत जाते आणि रेतीचा ढीग राहतो. लोक याला नुसते ‘इंजिन’ म्हणतात. तराफे जाळल्याच्या, इंजिने जप्त केल्याच्या बातम्या नांदेडच्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. समुद्रातले उपसणी जहाज याच तत्त्वावर चालते: तळावर पाइप, वर पंप, पोटात वाळू. फरक आकाराचा आहे.

या इंजिनाने नदीचे काय होते, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तच आहे. पात्र खोल जाते, काठ ढासळतो, विहिरींचे पाणी उतरते, पुलाचा पाया उघडा पडतो, पोहायला गेलेली मुले खड्ड्यात बुडतात. हे डोळ्यांना दिसते, म्हणून निदान तक्रारीत तरी येते. आवाजाची तक्रार झालीच तर ती काठावरच्या माणसाची, रात्री झोप लागत नाही म्हणून. पाण्याखाली तो आवाज काय करतो, हे विचारायचे कोणाला सुचत नाही, कारण डोके पाण्याबाहेर ठेवणाऱ्याला तो ऐकूच येत नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतांश परत फिरतो आणि पाण्यातला आवाज पाण्यातच कोंडून राहतो. काठावरून इंजिनाचा जो धडधडाट ऐकू येतो, तो माशाला पोहोचणाऱ्या आवाजाचा नमुनाही नव्हे.

पाण्यात आवाजाचा वेग हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त असतो. तो नीट मोजला गेला १८२६ साली, जिनिव्हाच्या सरोवरात. डॅनियल कोलॅडॉन आणि चार्ल्स स्टर्म यांनी एका नावेखाली घंटा टांगली. घंटेवर ठोका पडायचा त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा जाळ व्हायचा. तेरा-चौदा किलोमीटरवरच्या दुसऱ्या नावेत पाण्यात नळा सोडून, त्याला कान लावून कोलॅडॉन बसला होता. जाळ दिसला ते घंटेचा नाद पोहोचला यातला वेळ मोजून वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. मला या प्रयोगात वेगापेक्षा अंतराचे जास्त अप्रूप वाटते. एका घंटेचा ठोका तेरा किलोमीटरवर कानाने ऐकू आला. हवेत ते शक्य नव्हते. पाणी आवाज फार कमी खाते, हाच या पुस्तिकेतल्या निम्म्या गोष्टींचा पाया आहे.

आकड्यांविषयी एक सूचना इथेच देतो. डेसिबल हे माप हवेत आणि पाण्यात वेगवेगळ्या पायावरून मोजतात. तितक्याच तीव्रतेचा आवाज पाण्यात मोजला की आकडा सुमारे ६२ ने जास्त भरतो. म्हणून ‘जहाजाचा आवाज १८० डेसिबल, म्हणजे विमानापेक्षा मोठा’ अशी वाक्ये वाचनात आली तर त्यांवर विश्वास ठेवू नका. बाजू आपली असली तरी चुकीचा आकडा वापरू नये.

वाळू उपसताना नेमका कसला आवाज होतो, याचे चांगले मोजमाप ब्रिटनमध्ये झाले. तिथे बांधकामासाठी लागणारी बरीच वाळू-खडी समुद्रतळातून काढतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा जहाजांच्या नोंदी आहेत. सेकंदाला पाचशे कंपनांच्या खालचा, म्हणजे घुमणारा आवाज साधारण मालवाहू जहाजाइतकाच निघाला. हजार कंपनांच्या वर मात्र या जहाजांचा आवाज चढा होता आणि त्याचे कारण इंजिन नव्हते, पाइपमधून आणि पंपातून खडखडत जाणारे दगडगोटे होते. नुसती बारीक वाळू येत असेल तर आवाज कमी, खडी असेल तर जास्त. मांजरेच्या इंजिनावर काम केलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. पाइपमध्ये गोटे आले की पंपाचा सूर कसा बदलतो, ते त्याच्या हाताला कळते.

हा वरचा, खडखडाटाचा आवाज लक्षात ठेवा. माशाच्या कानाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

माशाला बाहेरून दिसणारा कान नसतो; तो डोक्याच्या आत असतो. माशाचे अंग पाण्याइतकेच घन असल्याने आवाजाची लाट त्याच्या शरीरातून आरपार जाते. कानातला दगडासारखा जड कण तेवढा मागे रेंगाळतो आणि त्या फरकावरून माशाला आवाज कळतो. एवढ्यावर भागवणाऱ्या माशांना काही शे कंपनांपर्यंतचा घुमाराच ऐकू येतो. समुद्रातल्या फार मोठ्या संख्येच्या माशांचे असेच आहे. पण काही माशांच्या पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते आणि तो थरथराट कानापर्यंत नेणारी लहान हाडांची साखळी त्यांना असते. १८२० साली अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ती शोधली. आपल्या कानातल्या तीन हाडांसारखेच तिचे काम. या साखळीमुळे मासा हजारो कंपनांचा आवाज ऐकू शकतो आणि फार हलकाही ऐकू शकतो.

ही साखळी कोणाला असते? रोहूला असते. कटल्याला, मृगळाला, शिंगाळ्याला, मांगूरला असते. कार्प आणि मार्जारमीन या दोन्ही मोठ्या कुळांना असते, म्हणजे भोयाच्या जाळ्यात आणि बिलोलीच्या आठवडी बाजारात येणाऱ्या बहुसंख्य माशांना असते. मरळ आणि वाम या कुळांबाहेरचे. गोड्या पाण्याचे मासे आणि ही साखळी यांची जगभर अशीच जोडी आहे. म्हणजे पाइपमधला खडखडाट समुद्रातल्या पुष्कळ माशांच्या ऐकण्याच्या पलीकडे राहतो, तो आपल्या रोहूच्या नेमका ऐकण्यात येतो. समुद्राच्या अभ्यासातून निघालेले ‘इतका आवाज चालेल’ हे निष्कर्ष नदीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, ते यामुळे.

माशांना ऐकूच येत नाही असा समज शंभर वर्षांपूर्वी विद्वानांतही होता. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने १९२३ साली तो मोडला. त्याने एक आंधळा मार्जारमीन पाळला होता. रोज खाणे देताना तो शीळ घालायचा. थोड्याच दिवसांत खाणे दाखवण्याआधी, नुसत्या शिळेवर मासा आपल्या बिळातून बाहेर येऊ लागला. मधमाश्यांच्या भाषेसाठी नोबेल मिळालेला हाच तो फ्रिश. नदीकाठच्या जुन्या माणसांना मात्र त्याच्याआधीही ठाऊक होते की डोहाजवळ पाय आपटत गेले तर मासा खाली बसतो.

आता मराठवाड्याचा उन्हाळा घ्या. फेब्रुवारीनंतर मांजरेचे पात्र तुटत जाते, एप्रिल-मेमध्ये उरतात ते डोह. समुद्रातल्या माशाला आवाज नकोसा झाला तर तो दहा किलोमीटर लांब जाऊ शकतो. डोहातला मासा जाणार कुठे? दोन्ही बाजूंना वाळवंट. आणि तराफा तरंगायला पाणी लागते, म्हणून तराफाही त्याच डोहात. उथळ पाण्यात घुमणारा, जाड आवाज लांब जात नाही, तो तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये विरून जातो. दोन मीटर पाण्यात साधारण दोनशे कंपनांच्या खालचा आवाज चालतच नाही. खडखडाट मात्र जातो. थोडक्यात, नदी इंजिनाच्या आवाजातला माशाला कमी ऐकू येणारा भाग गाळते आणि जास्त ऐकू येणारा ठेवते.

याने माशाचे होते काय? मासा मरून वर येत नाही, म्हणूनच हा विषय दुर्लक्षित राहिला. २००६ साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी कार्पसह तीन जातींच्या गोड्या पाण्यातल्या माशांना डॅन्यूब नदीत आणि सरोवरांत टिपलेला नावांचा आवाज ऐकवला. तिन्हींच्या अंगात कॉर्टिसॉल हे तणावाचे संप्रेरक वाढले. सलग एकसुरी खरखर ऐकवली तेव्हा ते वाढले नाही. चढउताराचा, मधेच उसळणारा आवाज त्यांना बाधला. इंजिनाचा आवाज असाच असतो, रेती लागली की एक, गोटे लागले की दुसरा. त्याआधी २००३ साली व्हिएन्नातच सोनमासा आणि एका जातीचा मार्जारमीन यांना बारा ते चोवीस तास मोठ्या आवाजात ठेवून पाहिले होते. दोघांचेही ऐकणे मंदावले. सोनमाशाचे तीनेक दिवसांत परत आले, मार्जारमीनाला सुमारे दोन आठवडे लागले. प्रयोगशाळेच्या टाकीतला आवाज आणि नदीतला आवाज सारखे नसतात, हे मान्य. पण दोन आठवडे कमी ऐकू येणारा मासा शत्रूची चाहूल कशी घेणार, हा प्रश्न टाकीतून नदीत आणला तरी तोच राहतो.

यात आणखी एक भर पडते, आणि माझ्या मते नदीच्या बाबतीत तीच सर्वांत जड आहे. पंपाने रेतीबरोबर गाळ उठतो, काठावरून ओघळणारे पाणी गढूळ होऊन परत येते. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही. अशा वेळी तो कानावर आणि अंगावरच्या पार्श्वरेषेवर, म्हणजे पाण्याच्या हालचाली टिपणाऱ्या अवयवावर, विसंबतो. नेमक्या त्याच वेळी इंजिन कान भरून टाकते आणि पाणी ढवळते. नजर, कान, अंगाची जाणीव, तिन्ही एकदम जातात. अहवालांत गाळाचे प्रकरण वेगळे आणि आवाजाचे वेगळे असते. मासा दोन्ही एकाच वेळी भोगतो.

पुस्तिकेचा मधला मोठा भाग समुद्रावर आहे, कारण पुरावा तिथे जास्त जमला आहे. स्कॉटलंडच्या ॲबरडीन बंदरात गाळ काढण्याचे काम वाढले तसतसे डॉल्फिन तिथे कमी वेळ राहू लागले, असे २०१३ च्या अभ्यासात दिसले. त्या बंदरात जहाजांचा राबता नेहमीचाच होता आणि डॉल्फिन त्याला सरावलेले होते, तरीही. मेक्सिकोतल्या एका खाडीत करडे देवमासे पिल्ले घालायला येत. मिठाची वाहतूक आणि त्यासाठीचा सततचा उपसा चालू होता, त्या वर्षांत त्यांनी खाडी सोडली. वाहतूक थांबल्यावर ते परतले. आणि सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर जहाजे थांबली तेव्हा कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात पाण्याखालचा आवाज सहा डेसिबलने उतरला आणि तिथल्या देवमाशांच्या विष्ठेतली तणावाची संप्रेरके कमी भरली. असा प्रयोग कोणी ठरवून करू शकले नसते.

आपल्या कोकणात ज्याला गादा म्हणतात तो कुबड्या डॉल्फिन किनाऱ्याला धरून, उथळ पाण्यात राहतो. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तो २०१७ पासून संकटग्रस्त आहे. बंदरांचे गाळ काढणे, भराव घालणे नेमके याच पट्ट्यात चालते. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचा आहे. एवढ्या भरावाला लागणारी वाळू समुद्रतळातून उपसून आणायची, म्हणजे उपशाचा आणि भरावाचा आवाज वर्षानुवर्षे चालणार. वाढवणच्या वादात मच्छीमारांच्या पोटापाण्याचा प्रश्न पहिला आहे आणि तो तसाच राहावा. त्याच्या शेजारी हा प्रश्नही हवा.

बिलोलीला जास्त जवळचे उदाहरण मात्र गंगेचे आहे. गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा. त्याचे सारे जगणे आवाजावर. मयुख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी बिहारमधल्या गंगेत केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. पाणी उथळ असताना जहाजांचा आवाज डॉल्फिनच्या शरीरावर जास्त ताण आणतो, हे त्यातून पुढे आले. तिथे जलमार्ग खोल ठेवण्यासाठी गाळ काढला जातो. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातल्या १११ जलमार्गांची जी यादी आहे, तीत मांजरेचेही नाव आहे. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसणाऱ्या नदीत जहाजे चालवायची तर आधी काय करावे लागेल, ते वेगळे सांगायला नको.

कायद्याचे बोलायचे तर आपल्याकडे ध्वनी हा हवेचा प्रश्न मानला आहे. १९८७ साली हवा प्रदूषण कायद्यात दुरुस्ती करून ध्वनीला हवा-प्रदूषक ठरवले गेले. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही सभोवतालच्या हवेपुरतेच आहेत. लग्नातल्या डीजेला मर्यादा आहे, डोहातल्या पंपाला नाही. युरोपीय संघाने २००८ च्या समुद्रविषयक निर्देशांत पाण्याखालच्या आवाजाला प्रदूषणात धरले. रेतीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी लागते, म्हणजे प्रश्न विचारायची जागा तयार आहे. पावसाळ्यात उपसा बंद, रात्री बंद, हे नियमही कागदावर आहेत. ते पाळले गेले तर माशाच्या विणीच्या दिवसांत आणि रात्रीच्या चरण्याच्या वेळी डोह आपोआप शांत राहील. चोरून चालणारे इंजिन म्हणूनच दुहेरी नुकसान करते. ते नेमके नको त्या वेळी चालते.

रेती नको असे या पुस्तिकेचे म्हणणे नाही. घरकुलाला रेती लागते, शाळेच्या खोलीला लागते, आणि घाटावर राबणाऱ्या मजुराची चूल त्यावर पेटते. आवाज हे रेती-उपशाचे सर्वांत मोठे नुकसान आहे असेही मी म्हणणार नाही. खोल गेलेले पात्र आणि आटलेल्या विहिरी त्याहून मोठ्या आहेत. पण खड्डा एखाद्या मोठ्या पुराने थोडाफार भरतो, आवाज तर इंजिन बंद केले त्या क्षणी संपतो. त्याला साफसफाई लागत नाही, निधी लागत नाही. इतक्या स्वस्तात टळणारे नुकसान आपण मोजतही नाही, हे मला सहन होत नाही.

शेवटच्या प्रकरणात पाण्याखालचा आवाज ऐकण्याचे साधन घरी कसे करायचे ते दिले आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात बझरमधली पितळी पिझो चकती मिळते. तिला दोन तारांची लांब केबल जोडायची, जोड आणि चकती इपॉक्सीने पाणी शिरणार नाही अशी बंद करायची आणि दुसरे टोक ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला लावायचे. याने डेसिबल मोजता येत नाहीत, त्यासाठी मापन केलेला हायड्रोफोन लागतो. पण इंजिन चालू असतानाचा डोह आणि बंद असतानाचा डोह यांतला फरक आठवीतल्या मुलालाही ऐकू येतो. काठावरच्या जिल्हा परिषद शाळांनी हे एकदा करून पाहावे. मुलांना काठावरूनच ऐकू द्या. खणलेल्या पात्रात उतरू देऊ नका.

मच्छीमार संस्थांच्या सभासदांना एक विनंती आहे. जाळ्यात काय आले याची नोंद तुम्ही ठेवताच. तिच्याच शेजारी त्या दिवशी डोहात इंजिन होते की नव्हते, एवढे लिहीत चला. आणि रेतीघाटाचा ठराव ग्रामसभेत येईल त्या दिवशी हात वर करण्याआधी दोन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: उन्हाळ्यात पाणी धरणाऱ्या डोहात पंप लागणार नाही, आणि घाट देण्याआधी व उपसा चालू असताना पाण्याखालचा आवाज मोजला जाईल. ठरावाचा नमुना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापला आहे. तो फाडून न्यायला हरकत नाही.